डोळा कुठे अडतो, हे कोण मोजणार?

उर्दू माध्यमातल्या तिसरीच्या मुलाची एका दिवसाची वाचनकसरत पाहा. सकाळी मदरशात नाझरा : उजवीकडून डावीकडे, अक्षराअक्षराला जबर-जेर-पेश. शाळेत उर्दूचा तास : दिशा तीच, पण यातल्या बहुतेक खुणा गायब, त्या वाचणाऱ्यानेच मनात भरायच्या. पुढचा तास मराठीचा : दिशा उलटी, काना-मात्रा सगळे लिहिलेले आणि पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, उच्चारायची मात्र नंतर. वर इंग्रजी आहेच. एवढं करून चाचणीत मूल मागे पडलं की शेरा ठरलेला : ‘वाचन कच्चे’.

२०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचं लक्ष्य ठेवलं. त्याला हरकत नाही. पण घड्याळ फक्त वेळ सांगतं. मूल कुठे अडलं, हे त्याला माहीत नसतं.

ते डोळ्याला माहीत असतं. वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकत नाही, उड्या मारते. दोन उड्यांमध्ये ती साधारण पाव सेकंद थांबते आणि त्या थांब्यात वाचन होतं. शब्द अवघड असला की थांबा लांबतो किंवा नजर मागे फिरते. लिहिता-वाचता माणूस ओळखीचा शब्द अक्षरं न चाळता एका नजरेत ओळखतो, हे इब्न अल-हैथमने ‘किताब अल-मनाझिर’मध्ये हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं आहे.

२०१४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी उर्दू आणि इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी वाचताना त्यांची नजर उजवीकडचा मजकूर जास्त टिपत होती, उर्दू वाचताना डावीकडचा. म्हणजे लिपीप्रमाणे नजर बाजू बदलते. मग आठ वर्षांचं मूल ही बाजू किती सहज बदलतं? ते जोडाक्षरावर अडतं की अनोळखी शब्दावर? जोडाक्षरावर अडत असेल तर लिपीचा सराव हवा. शब्दावर अडत असेल तर आधी मराठी कानावर पडायला हवी. दोन्ही दुखण्यांना आपण एकच औषध देतो : पुन्हा वाच.

नजर मोजणाऱ्या यंत्राला आय-ट्रॅकर म्हणतात. इन्फ्रारेड प्रकाशात डोळ्याची बाहुली आणि बुबुळावरची चमक टिपून नजर कुठे आहे ते काढतात. आयआयटी मुंबईत प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने याच तंत्राने भाषांतराची काठिण्यपातळी आणि उपरोध समजण्याची प्रक्रिया तपासली. पण अशी यंत्रं लाखांच्या घरात जातात. ती धाराशिवच्या शाळेत कोण आणणार?

म्हणून ओपन सोर्स साधनं महत्त्वाची. अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठात तयार झालेलं ‘वेबगेझर’ साध्या वेबकॅमवर, ब्राउझरमध्ये चालतं. ‘पायगेझ’ने असे प्रयोग रचता येतात. दोन्ही फुकट आणि त्यांची आज्ञावली सर्वांना खुली आहे.

मर्यादाही स्पष्ट आहेत. वेबगेझरची चूक साधारण चार अंशांची, म्हणजे ५० सेंटिमीटरवरच्या पडद्यावर साडेतीन सेंटिमीटर. पुस्तकातलं कुठलं अक्षर अडलं, हे त्यावरून कळणार नाही. पण पडद्यावर मोठ्या टाइपात, अंतर ठेवून चार-पाच शब्द दाखवले तर कुठल्या शब्दावर नजर रेंगाळली, हे कळू शकतं. सेकंदाला ३० चित्रं घेणारा कॅमेरा उडी नीट पकडणार नाही, पण पाव सेकंदाच्या थांब्यात त्याला सात-आठ चित्रं मिळतात.

आपल्या जिल्ह्यात विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, तुळजापूरला टिस आहे, डाएट आहे. बीएड-एमएडचे विद्यार्थी दरवर्षी ठरावीक प्रश्नावल्यांवर प्रबंध लिहितात. त्यातल्या दोघा-चौघांनी उर्दू आणि मराठी शाळांतल्या मुलांचं वाचन असं तपासावं. पालकांची लेखी संमती घ्यावी, चित्रण संगणकाबाहेर जाऊ देऊ नये आणि निकालावरून कुठल्याही मुलावर शिक्का मारू नये.

मुसलमान मुलांच्या मराठीवर मतं द्यायला पुष्कळ लोक पुढे येतात. उर्दूमुळे मराठी बिघडते, असं एक म्हणतो. मराठीमुळे उर्दू सुटते, असं दुसरा. मोजमाप कुणापाशीच नसतं. आता साधन हजार-दोन हजारांच्या वेबकॅमवर आलं आहे. तेव्हा ‘कच्चे’ लिहिण्याआधी मूल नेमकं कुठे थांबलं ते बघायची जबाबदारी आपली, शिक्षकांची आहे.