नजर कोणाची स्थिर असते?

गेल्या दिवाळीत आजीला काचबिंदूच्या संशयावरून तपासणीला नेले. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून महाडपर्यंत एस.टी., तिथून पुढे शहर. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकलेली. समोरच्या दिव्याकडे एकटक पाहायचे आणि आजूबाजूला ठिणगी दिसली की बटण दाबायचे. बाहेर मला एकच वाक्य ऐकू येत होते, "आजी, नजर हलवू नका!" शेवटी कागदावर शेरा पडला, चाचणी भरवशाची नाही. एस.टी.त आजी एवढेच म्हणाली, "मी नापास झाले रे."

हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. मी कला शाखेचा विद्यार्थी. पण थोडे वाचले, थोडे विचारले. निरोगी डोळासुद्धा एका बिंदूवर खिळून राहत नाही. तो थरथरतो, सरकतो, झटक्याने परत येतो. १९५०नंतरच्या प्रयोगांत शास्त्रज्ञांनी युक्तीने चित्र दृष्टिपटलावर अगदी स्थिर धरले, तर ते क्षणांत विरून गेले! पक्ष्याचा डोळा पाहणाऱ्या अर्जुनाचीही बुबुळे हलत असणार. द्रोणाचार्यांना दिसली नाहीत इतकेच.

यंत्र नजर पकडते ती अंधबिंदूवरून. नजरेच्या मध्यापासून कानाच्या बाजूला सुमारे १५ अंशांवर प्रत्येकाला एक आंधळी जागा असते. तिथे मधूनच दिवा लावतात; तो दिसला तर नजर ढळली असे धरतात. अशा चुका २०टक्क्यांवर गेल्या की हम्फ्री यंत्र आकड्यापुढे खूण करते. पण डोके कलले, किंवा यंत्रानेच ती जागा चुकीची धरली, तरी खूण तीच. दोष मात्र म्हातारीचा!

माझे म्हणणे एवढेच की, निरोगी डोळे किती डळमळतात हे आधी मोजा, आणि ते सत्तरीच्या, आयुष्यात पहिल्यांदा यंत्रासमोर बसलेल्या माणसांतही मोजा. पहिली चाचणी सरावाची धरा. कॉलेजच्या पहिल्या सहामाहीत 'कोणतेही चार' न वाचता मी सातही प्रश्न लिहीत बसलो होतो. घरात सांगणारे कोणी नव्हते. आजीलाही कोणी सांगितले नव्हते की बरेच दिवे मुद्दामच न दिसण्याइतके मंद असतात, आणि पापणी मिटली तरी चालते.

पुढच्या महिन्यात पुन्हा तारीख आहे. पडवीच्या भिंतीवर मी खडूचा ठिपका काढला आहे. आजी त्याच्याकडे पाहत बसते. पापणीचे सांगितले तेव्हा म्हणाली, "मग तेव्हा का नाही रे कुणी सांगितलं?"