अश्वगंधा लावताय? आधी निचरा पाहा, मग बियाणे घ्या

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने सोयाबीन आणि कापसाचे मोठे नुकसान झाले. अशा हंगामानंतर नवे पीक शोधताना अश्वगंधेचे नाव हमखास पुढे येते. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने औषधी वनस्पतींसाठी ४,००० कोटी रुपये आणि १० लाख हेक्टर क्षेत्राची घोषणा केली, तेव्हापासून या पिकांची चर्चा वाढली आहे. पण ज्या रानात पाणी साचून सोयाबीन गेले, तिथे अश्वगंधा टिकेल का? बहुतेक वेळा नाही.

मूळ विकायचे, तर जमीन मुळाला हवी

सोयाबीनमध्ये तुम्ही दाणा विकता, अश्वगंधेत मूळ. मध्य प्रदेशातील नीमच ही या मुळांची मोठी बाजारपेठ. त्या भागात हे पीक पारंपरिकरीत्या हलक्या, कमी सुपीक जमिनीत घेतात. वाळूमिश्रित पोयटा किंवा हलकी तांबडी, चांगल्या निचऱ्याची आणि ७.५ ते ८ सामू असलेली जमीन याला मानवते.

भारी काळ्या जमिनीत दोन अडचणी येतात. ओल असताना मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. जमीन वाळून घट्ट झाली की खोदताना मुळे तुटतात. बाजारात प्रतवारी लांबी, जाडी आणि आतील पांढऱ्या रंगावर होते. सुमारे ७ सेंमी लांब, १ ते १.५ सेंमी जाड, भरीव मूळ वरच्या प्रतीत जाते. तुटलेले, बारीक मूळ खालच्या प्रतीत जाते आणि भाव तिथेच पडतो.

जास्त नत्र दिले की पाला माजतो, मूळ पोसत नाही. चांगले कुजलेले शेणखत पुरेसे असते. माती परीक्षणाशिवाय युरिया देऊ नका.

बदललेला पाऊस आणि पेरणी

या पिकाला ६०० ते ७५० मिमी पाऊस पुरतो. वाढीच्या काळात कोरडे हवामान आणि हिवाळ्यात एखादी हलकी सर मिळाली तर मुळे चांगली पोसतात. हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या तारखा सुधारल्या. वायव्य भारतातून परतीची सुरुवात १ सप्टेंबरऐवजी १७ सप्टेंबर धरली जाते. म्हणजे सप्टेंबरचा जोरदार पाऊस आता गृहीत धरूनच नियोजन करावे लागेल. कोवळ्या रोपांवर असा पाऊस आला तर रोपमर होते. म्हणून ठरावीक तारखेपेक्षा जोराचा पाऊस ओसरण्याकडे लक्ष ठेवा. पेरणी लांबली तर जमिनीतील ओल कमी पडते, तेव्हा एका-दोन हलक्या पाण्याची सोय हवी.

पीक १५० ते १८० दिवसांत तयार होते. खालची पाने पिवळी पडली आणि फळे लाल झाली की काढणी करा. काढणीच्या सुमारास अवकाळी पाऊस आला तर मुळांना बुरशी लागते. वाळवण्यासाठी छपराची जागा आधीच ठरवा.

निर्णयापूर्वी हे करा

- शेतात दीड फूट खड्डा खणून पाण्याने भरा. ते जिरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले, तर ते रान सोडा.
- मध्यम काळी जमीन असेल तर गादीवाफे करा, बांधाला चर काढा आणि पहिल्या वर्षी १०-२० गुंठ्यांवरच प्रयोग करा.
- हेक्टरी साधारण ३ ते ५ क्विंटल वाळलेली मुळे मिळतात. याहून कितीतरी जास्त उत्पादन सांगून बियाणे विकणाऱ्यापासून सावध राहा.
- खरेदीची हमी लेखी घ्या. कोणत्या प्रतीला काय भाव, हे त्यात असावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावाला एकच औषधी पीक सुचवू नये. पाणथळ जागेत वेखंड जगते, तिथेच अश्वगंधा आणि शतावरी कुजतात. पीक बाजारातून निवडू नका, रानातून निवडा. बाजार त्यानंतर तपासा.