आधी ते काजळ पुसा

बाळाचे डोळे चिकटले की आमच्या बोरीत डॉक्टर सोडून सगळेच डॉक्टर होतात. आजी अंगावरचं दूध डोळ्यात पिळायला सांगते, मावशी काजळाची डबी काढते, काका मेडिकलमधून मागे कधीतरी आणलेली अर्धी बाटली पुढे करतात. दृष्ट तर काढायचीच. आणि वर, "बारसं होऊ द्या, मग पाहू दवाखान्याचं."

चौथ्या दिवसाचं बाळ, पापण्या बोंडासारख्या टरारलेल्या, फट जरा उघडली की पिवळा पू काजळासकट गालावर ओघळतो. हे जंतू परम्याचे असले तर एखाद्या दिवसात बुबुळाला भोक पडू शकतं. ते बारशाची वाट पाहत नाहीत. क्लॅमिडिया हा दुसरा जंतू जरा उशिरा, पाचव्या ते चौदाव्या दिवसात उगवतो आणि कधी न्यूमोनियाही आणतो. नुसती चिपडं अश्रुनलिका तुंबूनही येतात, कबूल. पण सूज, लाली, पू असं तिन्ही दिसल्यावर निवाडा आजीने करायचा नसतो.

लाइपझिगच्या कार्ल क्रेडेने 1880 मध्ये जन्मताच बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचा एकेक थेंब टाकायला सुरुवात केली आणि त्याच्या प्रसूतिगृहातून परम्याचा हा डोळ्यांचा रोग जवळपास हद्दपार झाला. जागतिक आरोग्य संघटना आज प्रत्येक नवजात बाळाच्या डोळ्यांत जंतुनाशक मलम किंवा थेंब घाला म्हणते. आपण घालतो काजळ!

आणि जंतू आला कुठून, हे विचारायची कोणाची टाप नाही. तो बाळंत होताना आईकडून येतो, आणि आईला बहुधा नवऱ्याकडून. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या, 1989 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. "पांढरं जाते, बायकाइचं असतेच" म्हणून आपण त्यांना गप्प बसवलं. बाळाला इंजेक्शन, आईला गोळ्या, आणि नवरोबा? "मले काय झालं?" म्हणत पानटपरीवर. मग पुढच्या बाळंतपणाला पुन्हा तेच.

आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येते, बाळाचे डोळे पाहणं तिच्या कामातच आहे. तिला दारातून चहा पाजून वाटेला लावू नका. काजळ पुसा, बाळ उजेडात धरा. पापणी सुजली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि नवऱ्यालाही त्याच गाडीत बसवा.