तिच्याही तब्येतीचा तक्ता हवा

घरात कोणी अंथरुणाला खिळलं की उशाशी एक वही येते. ताप किती, रक्तदाब किती, साखर किती, कुठली गोळी किती वाजता दिली, सगळं त्यात लिहिलं जातं. डॉक्टर आले की वही पुढे केली जाते. पण ही वही लिहिणारी त्या वहीत कुठेच नसते. ती रात्री कितीदा उठली, गरम जेवण शेवटचं कधी जेवली, तिची पाठ किती दिवसांपासून धरली आहे, याची नोंद कोण ठेवणार?

मैत्रिणींनो, आज विषय जरा जड आहे. पण आपल्यापैकी किती जणींच्या घरात तो आत्ता सुरू असेल, कुणास ठाऊक. कर्करोगाची शेवटची पायरी असो, मोठा अर्धांगवायू असो की म्हातारपणातला स्मृतिभ्रंश, एक दिवस डॉक्टर सांगतात, "आता घरी न्या, सेवा करा." आपलं माणूस आपल्या घरात, आपल्या माणसांत जावं असं कुणाला वाटत नाही? ते योग्यच आहे. पण "आपण सगळे करू" असं बैठकीत ठरतं आणि आठवड्याभरात ते "सगळे" म्हणजे एकटी सून, बायको नाहीतर माहेरी परतलेली मुलगी उरते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. त्यातही या स्त्रियांची दिवसाची सुमारे १४० मिनिटं देखभालीत जातात, पुरुषांची ७४. यात मुलांचं करणंही आलं, आणि ही झाली सरासरी. अखेरच्या आजारपणात घड्याळाचा हिशेबच संपतो.

हा ताण म्हणजे नुसतं "वाटणं" आहे आणि तो मोजता येत नाही, असा आपला समज असतो. पण तो मोजता येतो. अमेरिकेत बेट्सी रॉबिन्सन यांनी १९८३ साली त्यासाठी अगदी साधे १३ प्रश्न तयार केले. झोपमोड होते का? अंग दुखतं का? घराबाहेर पडणं बंद झालंय का? घरातल्यांच्या दिनक्रमात फेरफार करावे लागले का? स्वतःचे बेत सोडून द्यावे लागले का? इतरांचं करायला वेळ उरत नाही का? पैशाची ओढाताण होते का? रुग्णाचं वागणं मनाला लागतं का? माणूस पूर्वीचा राहिला नाही याचं वाईट वाटतं का? सगळं आवाक्याबाहेर गेलंय असं वाटतं का? असे ते प्रश्न. उत्तर फक्त हो किंवा नाही. "हो"ला एक गुण. सात किंवा जास्त गुण आले, तर या बाईकडे आता लक्ष द्यायलाच हवं, असं समजायचं. स्टीव्हन झारिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावलीही जगभर वापरली जाते. पण आपल्यासाठी हे १३ पुष्कळ झाले.

मोजून काय मिळणार, असं कुणी विचारेल. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगते. आजारी जोडीदाराचं करणाऱ्या ६६ वर्षांपुढच्या नवरा-बायकांवर संशोधकांनी चार वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांना सेवेचा ताण जाणवत होता, त्यांच्यात त्या काळात मृत्यूचा धोका इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त दिसला. आणि सेवा करूनही ज्यांना ताण नव्हता, त्यांच्यात तसा वाढीव धोका दिसला नाही. म्हणजे धोका दिसला तो ताणाबरोबर, नुसत्या सेवेबरोबर नाही. "तिला सवय आहे, ती करते" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण हे प्रश्न आपल्या घरात विचारायचे कसे, हीच खरी मेख आहे. सासूबाई शेजारी बसलेल्या, नणंद आतल्या खोलीत, आणि सुनेला विचारलं, "ताई, त्रास होतो का?" तर ती काय म्हणणार? "छे हो, कसला त्रास! घरचंच माणूस आहे." गुण शून्य. गृहभेटींमध्ये मी हे वारंवार ऐकलं आहे. तीच बाई पाणी भरायला मागे आली की नळापाशी दहा मिनिटं बोलते. म्हणून प्रश्न तिला एकटीला गाठून विचारायचे.

शब्दही आपले हवेत. "तुमच्या कामावर परिणाम झाला का?" या प्रश्नाला गृहिणी "नाही" म्हणते, कारण घरकामाला ती काम मानतच नाही. तिला विचारा, शिवणाचे कपडे किती दिवस तसेच पडलेत? बचत गटाच्या किती बैठका चुकल्या? "तुमचे बेत मोडले का?" असं विचारलं तर म्हणते, माझे कसले बेत? तिला विचारा, माहेरी शेवटचं कधी गेलात? मग खरं उत्तर येतं. कमी गुण म्हणजे कमी ताण असंच नसतं. कधी कधी त्याचा अर्थ एवढाच असतो की बोलायची सोय नाही.

आणि एकदा विचारून भागत नाही. ऑपरेशन झालेला माणूस हळूहळू उठून बसतो, करणारीचा भार उतरत जातो. इथे उलटं असतं. आज हात धरून संडासला नेता येतं, महिन्याने जागेवरच करावं लागतं, पुढे घासही भरवावा लागतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी त्याच वहीच्या मागच्या पानावर हे १३ प्रश्न लिहा.

नुसत्या बेरजेने मात्र कुणाचं पोट भरत नाही. "हो" कुठे कुठे आलं, ते पाहा. झोपेला "हो" असेल तर आठवड्यातल्या दोन रात्री मुलाने किंवा भावोजींनी रुग्णाजवळ झोपायचं. पाठीला "हो" असेल तर कूस बदलताना दोघांनी मिळून खालची आडवी चादर ओढायची, एकटीने उचलायचं नाही. पैशाला "हो" असेल तर लांबच्या शहरातल्या दिराने फोनवर सूचना देण्याऐवजी दरमहा आयाबाईचे पैसे पाठवायचे. ब्रिटनमध्ये, घरी अखेरची सेवा करणाऱ्यांसाठीच जी प्रश्नावली बनवली गेली, तिचा रोखही हाच आहे. किती त्रास होतो, यापेक्षा कशात जास्त मदत हवी, हे ती विचारते.

घराबाहेरही काही मागायला हवं. मुंबईत १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे, पुण्यातही असं केंद्र आहे. पण तालुक्याच्या गावातल्या बाईने जायचं कुठे? केरळने २००८ साली यासाठी धोरण आखलं आणि तिथे ग्रामपंचायतींच्या मदतीने परिचारिका घरोघरी जातात. आपल्या देशाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा आहे, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत वेदना कमी करणारी ही काळजीही आहे. यादीत आहे, तर मागितली पाहिजे. ग्रामसभेत विचारा, जिल्हा रुग्णालयात विचारा. आणि घरी येणाऱ्या आशाताईने, नर्सताईने रुग्णाची नाडी पाहिल्यावर पाच मिनिटं त्या बाईलाही हे प्रश्न विचारावेत, असा आग्रह धरा.

शेवटी एक नाजूक गोष्ट. थकलेल्या जिवाला कधीतरी वाटून जातं, "आता सुटले तर बरं." आणि लगेच वाटतं, मी किती वाईट! बाई गं, तू वाईट नाहीस, तू दमली आहेस. माया आणि थकवा एकाच घरात, एकाच मनात राहतात. तेरापैकी दहा गुण आले म्हणून तुझं प्रेम कमी ठरत नाही; वाटणी चुकली आहे, एवढंच ठरतं. आणि वाटणी बदलता येते. माणूस जाण्याआधी बदलली, तर त्याच्या शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ नुसतं बसायला, दोन शब्द बोलायला तुलाही थोडा वेळ मिळेल.