३१ मार्चच्या आत म्हाताऱ्या माणसांची हयात नोंदवा!
ऊसतोड कामगारांच्या गावांना आणि कारखाना परिसरातील नागरिकांना आवाहन



बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला गेल्या. एक कोयता धरला जातो तो नवरा-बायकोच्या जोडीचा. पण पुष्कळदा त्यांच्यासोबत ट्रॅक्टरमध्ये म्हातारी आईही बसते. भल्या पहाटे जोडपे फडात गेले की कोपीतली, म्हणजे झोपडीतली, चूल, नातवंडे आणि जनावरे तिच्यावर सोपवली जातात. साठी ओलांडलेली कितीतरी माणसे स्वतः मोळ्या बांधतात, वाढे (उसाचे शेंडे) गोळा करतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत मात्र त्यांचे नाव नसते. असंघटित कामगारांच्या ई-श्रम नोंदणीचे दारही वयाच्या ५९व्या वर्षानंतर बंद होते.

अशा माणसांना आधार उरतो तो श्रावणबाळ योजनेचा. ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांना तिच्यातून दरमहा १,५०० रुपये मिळतात. ते चालू राहावेत म्हणून दरवर्षी जानेवारी ते मार्च या काळात हयातीची नोंद करावी लागते. नेमके याच महिन्यांत गाळप जोरात असते. म्हातारी कारखान्यावर आणि तिचे बँक खाते गावाकडे! नोंद राहून जाते, अनुदान थांबते आणि गाळप संपून पट्टा पडल्यावर गावी आलेल्या आजीला ते बँकेच्या खिडकीवर कळते.

दुसरी अडचण बोटांची. जन्मभर कोयता धरून, पाचट सोलून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. आजी यंत्रावर अंगठा टेकवते, पदराला पुसते, पुन्हा टेकवते. ठसा काही जुळत नाही. त्यापायी रेशन अडते, पैसे अडतात. हक्काचे पैसे अशा कारणाने बुडावेत, हे आपल्याला शोभणारे नाही.

म्हणून हात जोडून विनंती आहे, या आठवड्यातच कामाला लागा.

गावाकडच्या मंडळींनी ऊसतोडीला गेलेल्या वृद्धांची यादी करावी. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ती श्रावणबाळचे काम पाहणाऱ्या तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत द्यावी, हयातीच्या नोंदीसाठी कोणते कागद लागतात ते विचारून घ्यावे आणि कुटुंबाला फोनवर कळवावे. अनुदान आधीच बंद पडले असेल, तर ते पुन्हा सुरू करण्यासाठी तहसीलदारांकडे लेखी अर्ज करावा.

मुकादम आणि कारखान्यांनी म्हाताऱ्या माणसांना एक दिवस गावी जाऊन येण्याची सोय करावी. आगाऊ दिलेल्या उचलीचा हिशेब त्यांच्या आड आणू नये.

कारखाना परिसरातील रेशन दुकानदारांनी या कुटुंबांना परत पाठवू नये. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेमुळे त्यांना त्यांच्या वाट्याचे धान्य कोणत्याही दुकानातून घेता येते. घरचे काही जण गावी असतील, तर ते आपला हिस्सा तिथे घेऊ शकतात.

महाविद्यालयीन तरुणांनी सुटीच्या दिवशी कोप्यांवर जावे. ज्यांचे ठसे जुळत नाहीत, त्यांना आधार केंद्रावर न्यावे. बुबुळांवरून किंवा चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढून द्यावे. त्याला उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मोफत होतात, परजिल्ह्यात आणि परराज्यातही.

कोणी वृद्ध आजारी, एकटा किंवा छळ सोसत असलेला दिसला, तर १४५६७ या ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइनवर लगेच फोन करा. ती मोफत आहे.

आपल्या चहात पडणाऱ्या साखरेत या हातांचे कष्ट आहेत. आज आपल्या जवळच्या एका कोपीवर जा आणि तिथल्या आजी-आजोबांना एवढेच विचारा : “हयातीची नोंद झाली का?” उत्तर ‘नाही’ आले, तर ती नोंद होईपर्यंत त्यांच्या मागे उभे राहा. मुदत ३१ मार्चपर्यंतच आहे.

आपले,
ऊसतोड कामगारांच्या गावचे नागरिक