चिठ्ठीशिवाय

आमच्या सुरतेत हिऱ्याची पुडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती चिठ्ठीसकट. महिधरपुऱ्याच्या रस्त्यावर उभ्याउभ्या लाखांचे सौदे होतात, पण जांगडची चिठ्ठी सुटत नाही. जांगडवर दिलेला माल म्हणजे विकलेला माल नव्हे, नुसता दाखवायला दिलेला. किती नग, किती कॅरेट, भाव काय, सगळं तिच्यावर. माझा दीर त्या धंद्यात आहे. सख्ख्या मेव्हण्याला पुडी देतानाही तो चिठ्ठी लिहितो आणि मेव्हण्याला त्यात अपमान वाटत नाही. आमचे हे रिंग रोडच्या कापड मार्केटात. ग्रे कापडाचा ताका आला की उजेडात उलगडून बघतात, आणि धागा तुटलेला दिसला की समोरच्याच्या पैशातून कापून घेतात. समोरचा कितीही जवळचा असो.

आणि हीच दोन माणसं सहा लाखांची गाडी उधन्याच्या एका गॅरेजात किल्लीसकट सोडून येतात. हातात कागदाचा कपटा नाही. विचारलं तर म्हणतात, "अगं, आपला माणूस आहे. खान्देशातला."

या "आपला माणूस" प्रकरणावर माझा राग आहे, तो आज काढणार आहे.

गाडी तापत होती. सहारा दरवाजापाशी गर्दीत अडकली की काटा वर चढायचा, आणि हायवेला लागली की आपोआप खाली यायचा. हे मी पाहिलं होतं, कारण त्या गाडीत रोज मी असते. गॅरेजवाल्याला मी नेमकं हेच सांगितलं: "भाऊ, उभी राहिली की तापते, पळाली की थंड होते." त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. बॉनेटवर हात ठेवून ह्यांना म्हणाला, "शेठ, हेड गॅस्केट गेलं. चौदा हजार." मी पुन्हा सांगू लागले, तर हसून अहिराणीत म्हणाला, "ताई, तुमले काय समजस गाडीमा?"

मला गाडीतलं फारसं समजत नाही, कबूल. पण तापाचा रोगी ताप कधी चढतो ते सांगत असेल तर डॉक्टर ऐकून घेतो ना? माझ्या त्या एका वाक्यातच सगळं निदान होतं, हे मला तीन आठवड्यांनी कळलं.

चौथ्या दिवशी गाडी घ्यायला गेलो. मी म्हटलं, जुनं गॅस्केट दाखवा. "ते भंगारात गेलं." बिल? "बिल पाहिजे तर वर अठरा टक्के लागतील." ह्यांनी लगेच हात हलवला: बिल नको, कच्च्यात करा. मी म्हटलं, जुना पार्ट पाहिल्याशिवाय मी पैसे देणार नाही. त्याने किल्ली शांतपणे खिशात टाकली. पैसे द्या, गाडी न्या. ह्यांनी फोन काढला आणि यूपीआयने चौदा हजार पाठवले. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कुणाचं काही चोरलं होतं.

तीन आठवड्यांनी धुळ्याला एका लग्नाला निघालो. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, सगळं उत्तम. उघड्या रस्त्यावर गाडी पळत होती, वारा आत येत होता. गाडी थंड. गॅरेजवाल्यानेही चाचणी घेतली असेल तर अशाच मोकळ्या रस्त्यावर घेतली असणार. विसरवाडी सोडली, कोंडाईबारीचा घाट लागला आणि पुढे ट्रकांची रांग. पहिल्या गिअरमध्ये चढायचं, थांबायचं, पुन्हा चढायचं. काटा लालमध्ये गेला आणि बॉनेटमधून वाफ आली.

गाडीत सासूबाई होत्या. वय ७८, चौविहार कित्येक वर्षांचा. सूर्यास्तानंतर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. धुळ्याला सहापर्यंत पोहोचून त्या जेवणार होत्या. घाटातच साडेपाच वाजले. मागून आलेल्या एका ट्रकवाल्या दादांनी दहिवेलच्या मेकॅनिकला फोन लावून दिला. तो मोटरसायकलवर पत्र्याची पेटी बांधून आला. इंजिन निवेपर्यंत झाकणाला हात लावला नाही आणि आम्हालाही लावू दिला नाही. मग झाकण उघडून बोट बुडवलं. "यात कूलंट कुठे आहे? साधं पाणी आहे, नळाचं." ते पाणीही अर्धं उडून गेलेलं. वर ओतायला पाणी हवं होतं. गाडीत होतं तेवढं सासूबाईंचं उकळलेलं पाणी, दोन बाटल्या. ते रेडिएटरात गेलं.

सूर्य गेला तेव्हा त्या मागच्या सीटवर नवकार म्हणत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नवकारशीपर्यंत त्यांच्या तोंडात पाणी नव्हतं. चौदा हजारांचा हिशेब कुणीही करेल. या रात्रीचा हिशेब कोणत्या खात्यात लिहायचा?

दहिवेलच्या त्या माणसाने मला विचारलं, मला बरं का, ह्यांना नाही: "ताई, गाडी कधी तापते?" मी तेच वाक्य सांगितलं. तो म्हणाला, "मग फॅन बघू." गाडी पळताना वारा रेडिएटर थंड करतो, उभी असताना ते काम पंख्याने करायचं असतं. पंखा फिरत नव्हता. त्याने फ्यूजच्या डब्यातून हॉर्नचा रिले काढून फॅनच्या रिलेच्या जागी बसवला. पंखा फिरायला लागला. एवढंच! धुळ्यापर्यंत आम्ही हॉर्नशिवाय गेलो. (एरवी ह्यांना शंभर मीटरही हॉर्नशिवाय जाता येत नाही. तो भाग मला आवडला.) मग त्याने ऑइलची काडी काढून दाखवली. "गॅस्केट गेलं असतं आणि पाणी ऑइलमध्ये उतरलं असतं तर हे ताकासारखं पांढरं दिसलं असतं." मग टॉर्च मारून हेडवरच्या कव्हरचे बोल्ट दाखवले. त्यांच्यावर तेलात बसलेल्या धुळीची जुनी खपली तशीच होती. "गॅस्केट बदलायचं तर हे आधी उघडावं लागतं. याला पाना लागलेलाच नाही." मी फोटो काढले. त्याने सहाशे रुपये घेतले आणि माझ्या वहीच्या पानावर काय केलं ते लिहून खाली सही केली. मी मागितलं नव्हतं.

तोही खान्देशचाच. तेव्हा गावाचं नाव घेऊन मला कुणी काही सांगू नये.

सुरतेला परतल्यावर उधन्याला गेले. एकटी गेले. तो म्हणाला, "दुसऱ्याचा हात लागला, आता माझी जबाबदारी नाही." म्हणजे घाटात वाफ निघणाऱ्या गाडीत आम्ही त्याची वाट बघत बसायला हवं होतं! कूलंट का काढलं, असं विचारलं तर म्हणाला, आपल्या गर्मीत पाणीच चांगलं. हे धडधडीत खोटं आहे. कूलंटमध्ये जे ग्लायकॉल असतं त्याने पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो आणि त्यातली रसायनं आतला गंज अडवतात. म्हणजे गर्मीच्या गावाला ते जास्तच लागतं. नळाच्या पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार साचतात, आणि वर्षाने तोच माणूस रेडिएटर बदलायला सांगतो. थर्मोस्टॅट काढून फेकणारेही असेच, "इथे लागत नाही" म्हणणारे. चुकीच्या कामातून पुढचं काम जन्माला येतं, असा हा धंदा.

आता आमच्या लोकांबद्दल. स्थानकात मी ही गोष्ट सांगितली तर चार बायकांपैकी तिघी म्हणाल्या, "जाऊ दे ना, क्षमा कर. गरीब माणूस आहे." गरीब? ज्याने माझ्याकडून चौदा हजार घेतले तो गरीब, आणि सहाशेत खरं काम करून लिहून देणारा दहिवेलचा तो कोण? पहिल्याला सोडून देणं म्हणजे दुसऱ्याचं पोट मारणं आहे. प्रामाणिक मेकॅनिकचा भाव हे लोकच पाडतात. शिवाय त्या गॅरेजात पाने उचलून देणारी पोरं आहेत. ती रोज बघतात की पाना न लावता चौदा हजार मिळतात. ती काय शिकतील?

आणि क्षमेबद्दल मला शिकवू नका. क्षमा मागितल्यावर द्यायची असते. संवत्सरीला आपण "मिच्छामि दुक्कडम्" म्हणतो ते चूक आपली म्हणून म्हणतो, समोरच्याच्या लबाडीवर पांघरूण घालायला नाही. तिसऱ्या व्रताचे अतिचार आपण लहानपणी पाठ केले. त्यात "प्रतिरूपक व्यवहार" आहे: खऱ्याच्या नावाखाली खोटं देणं. चोरीच्या पंगतीतच त्याला बसवलंय. नळाचं पाणी कूलंट म्हणून भरणं आणखी काय आहे? पण त्याच यादीत चोरून आणलेला माल घेणं आहे आणि राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणंही आहे, आणि तिथे मात्र बोट आपल्याकडे वळतं. अठरा टक्के वाचवायला "कच्च्यात करा" कोण म्हणालं? स्वस्तातला "लोकल" पार्ट कुठून येतो ते न विचारता कोण बसवतं? त्याच्या खोट्याला आमच्या घरातूनच जागा मिळाली होती. हे मी ह्यांना रात्री जेवताना सांगितलं. सॉरी, संध्याकाळी जेवताना.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात जा, असा सल्ला देणारेही भेटले. तिथे कागद छान असतो, एवढं खरं. पण त्या कागदावर न मागितलेलं इंजिन फ्लशिंग असतं, एसीची सफाई असते, आणि तिथेही काचेच्या पलीकडेच उभं राहावं लागतं. गाडी उघडली आणि बंद केली यामधला वेळ आपल्याला दिसत नाही, म्हणून कागद लागतो. पण त्या कागदावर आपण काय मागितलं हे आपणच लिहवून घ्यायला हवं.

मग मी कायदा वाचला. १८७२चा भारतीय करार कायदा, कलम १७०. एखाद्याने तुमच्या वस्तूवर कसबाचं काम केलं, तर मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवायचा त्याला हक्क आहे. म्हणजे त्याने किल्ली खिशात टाकली त्याला आधार आहे. गंमत अशी की कायद्याने तिथे उदाहरण दिलंय ते कच्चा हिरा पैलू पाडायला दिल्याचं! दीराला दाखवलं तर तो खूश झाला. पण त्याच कलमात अट आहे की ज्या कामासाठी वस्तू दिली त्यानुसार काम झालेलं असलं पाहिजे. पाना न लावलेल्या गॅस्केटचा मोबदला कसला? तरीही तिथे किल्लीसाठी झोंबाझोंबी करण्यात अर्थ नाही. पैसे द्यावेत, फोनवरून द्यावेत, आणि तिथल्या तिथे "काम मान्य नाही, गाडी हवी म्हणून पैसे देत आहे" असा मेसेज पाठवावा. मी तो पाठवला नव्हता. आता ओरडून उपयोग नाही.

२०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात सेवेतली त्रुटी येते, आणि बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. कागदावर निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत लागायचा असतो; कागदावर, म्हटलं ना. माझ्याकडे काय आहे? यूपीआयची नोंद, बोल्टांचे फोटो आणि वहीचं एक पान. बिल नाही, कारण आम्हालाच नको होतं. तक्रारीत मी तेही लिहिलं. लपवून काय करू?

ह्यांचं म्हणणं, चौदा हजारांसाठी एवढ्या फेऱ्या मारायच्या, मार्केटात लोक हसतील. मार्केटात एका ताक्यातल्या फॉल्टसाठी हे तीन महिने पेमेंट अडवून धरतात तेव्हा कुणी हसत नाही. तो व्यवहार असतो. बाईने केला की तो हट्ट होतो. मी त्यांना सांगितलं की इथून पुढे गाडी गॅरेजात मी नेणार, आणि चिठ्ठी देणार. वहीत मजकूर तयार आहे: तक्रार काय, अंदाजे खर्च किती, विचारल्याशिवाय जास्तीचं काम नाही, जुने पार्ट परत, किलोमीटरचा आकडा, खाली दोघांच्या सह्या. पहिल्या गॅरेजवाल्याने ती वाचून परत दिली, म्हणाला, एवढा विश्वास नसेल तर दुसरीकडे जा. गेले. दुसऱ्याने सही केली, बोटाचं तेल कागदाला लागलं, आणि काम बरं केलं.

नोटीस मिळाल्यावर उधन्याहून फोन आला. पाच हजार परत देतो, मिटवून टाका. मी म्हटलं, पूर्ण द्या आणि काय केलं नाही ते लिहून द्या. त्याने फोन ठेवला.

तारीख पुढच्या महिन्यात आहे. सासूबाईंना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्या पहिल्या दिवसापासून "जाऊ दे गं" म्हणणाऱ्यांतल्या. परवा त्या स्वयंपाकघरात आल्या, पाणी उकळायला ठेवलं आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मी पण येते. माझंच पाणी ओतलंय त्यात. तेवढी तारीख सकाळची घे, सूर्य मावळायच्या आत घरी यायला हवं."