दिवाळीत कात्री नको

पुण्यात दसरा झाला की आई गुलाब छाटायची. पाऊस सरलेला असायचा, डिसेंबरात झाडं फुलांनी लगडायची. न्यू जर्सीतल्या पहिल्या ऑक्टोबरात मीही कात्री चालवली. लालसर धुमारे फुटले, आईला फोटो गेला आणि नोव्हेंबरच्या एका रात्रीत सगळे काळे पडले.

वसंतात बुंध्यातून फूट आली, हायसं वाटलं. पण पुढच्या जूनमध्ये गुलाबीऐवजी गडद लाल, छोटी फुलं! कलम मेलं होतं आणि खालचा खुंट फुलला होता. अमेरिकेत गुलाबाचे डोळे बऱ्याचदा ‘डॉ. ह्युई’ या जातीच्या खुंटावर भरतात, तोच हा. शाळेत फळ्यावर कलमाची आकृती काढणारी मी, माझाच धडा विसरले होते.

आता ऑगस्टच्या मध्यानंतर खत बंद. शेवटची फुलं खुडत नाही, फळं धरली की झाड निजायला लागतं. जमीन गोठू लागली की कलमाच्या सांध्यावर फूटभर माती चढवते. छाटणी फोर्सिथिया पिवळाधमक झाल्यावरच. (जुलैत जपानी भुंगेरे येतात. अमेरिकेत ते पहिल्यांदा सापडले १९१६ साली, आपल्याच न्यू जर्सीत! सकाळी सुस्त असताना साबणाच्या पाण्यात झटकायचे.)

डॉ. ह्युईंना मी उपटलं नाही, कुंपणाशी हलवलं.

परवा आईचा फोन आला, “छाटलेस का गं गुलाब?”

“अगं, एप्रिलमध्ये.”

तिला अजून पटलेलं नाही.